केराबाईचे आमेन

१

सोमवार, १७ एप्रिल १९३३. सकाळचे साडेसहा. वळसंगच्या पुढे दीड कोसावर, चिल्हारीच्या काटेरी रानाच्या तोंडाशी एकतीस माणसे एका ओळीत उभी होती. तिसावा मी. माझ्या मागे केराबाई.

इथवर कोणाचा वाद नाही. वाद आहे तो पुढच्या चार तासांबद्दल, आणि त्याबद्दल सोलापुरात ज्यांनी ज्यांनी लिहिले त्यांच्यापैकी एकही जण त्या रानात नव्हता. एका साप्ताहिकाने तर ‘म्हातारीला पाण्यावाचून रानात टाकून ख्रिस्ती मंडळीचे चहापान’ असा मथळा दिला. या संपादकांनी शुक्रवार पेठेबाहेर पाऊल टाकले नव्हते. त्यांचा बातमीदार म्हणजे टांग्याच्या अड्ड्यावर ऐकलेल्या गप्पा.

मी सत्तावीस वर्षे बातम्या लिहितो आहे. प्लेग लिहिला, गिरण्यांचे संप लिहिले, मार्शल लॉच्या दिवसांत छापता येत नव्हते तेही लिहून ठेवले. साक्षीदार नाही अशी बातमी मी कधी दिली नाही. या बातमीला एकतीस साक्षीदार आहेत, त्यांत एक मी स्वतः आहे, आणि तरीही ती मला अजून नीट लिहिता आलेली नाही. म्हणून जे घडले ते ज्या क्रमाने घडले त्याच क्रमाने इथे देतो.

२

ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी ही मंडळी दरवर्षी रानातून तीन मैल चालत टेकडीवरच्या प्रार्थनाघरात जाते. याला ते डोंगरवाट म्हणतात. मी ख्रिस्ती नाही. पण रानात जाऊन हे लोक काय काय करतात याविषयी आमच्याच धंद्यातल्या लोकांनी इतके छापले होते की एकदा डोळ्यांनी पाहावे असे मी ठरवले. मंडळीचे धर्मगुरू, पाळक ज्ञानबा उमाप, यांच्या शाळेवर मी पूर्वी दोन कडक लेख लिहिले होते. ते त्यांना तोंडपाठ होते. तरी म्हणाले, “या की. चालता येतं ना? मग झालं.”

वाट म्हणजे चिल्हारीत कोयत्याने पाडलेली दोन हात रुंदीची खिंड. चिल्हारीचा काटा मागे वळलेला असतो. पुढे जाणाऱ्याला तो जाऊ देतो, मान वळवणाऱ्याची टोपी काढून घेतो. म्हणून इथे मागे कोणी पाहत नाही, आणि डोकी मोजणे शक्य नाही. त्यावर मंडळीने एक रीत काढली आहे. ठरलेल्या थांब्यावर पाळक सर्वांत पुढून म्हणतात, “प्रभू बरोबर आहे.” ते वाक्य प्रत्येक जण आपल्या मागच्याला देतो. अगदी शेवटचा माणूस मोठ्याने “आमेन” म्हणतो. आमेन पुढे ऐकू आले की सगळे आहेत असे समजायचे आणि चालू लागायचे. तीसेक वर्षे हीच हजेरी चालत आली आहे.

अकरा वर्षे ते आमेन केराबाईचे होते. केराबाई धनगराची विधवा, साठीच्या पुढची. सगळा जन्म मेंढरांच्या मागे गेलेला. “म्होरं चालले की मला काय तरी इसरल्यावानी वाटतं,” ती मला म्हणाली. तिला दमा होता. त्यामुळे तिचे आमेन दोन तुकड्यांत यायचे. आधी ‘आ’, मग एक ओढलेला श्वास, मग ‘मेन’. पोरेठोरे त्याची नक्कल करीत आणि ती त्यांना काठी दाखवी.

निघण्यापूर्वी मी पाळकांना डिवचले. “आमेन हा शब्द मराठी नाही. इतक्या वर्षांत तुम्हाला एक मराठी शब्द सापडू नये?”

पाळक तोंड उघडण्याआधी मागून केराबाई म्हणाली, “आमेन म्हंजी व्हय की. त्यात काय एवढं शिकायचं?”

ओळभर हसू पसरले. माझ्या पुढे मुलींच्या शाळेतल्या सिद्धम्मा बाई होत्या, अक्कलकोटकडच्या. त्या म्हणाल्या, “अय्यो साहेब, बी.ए. झालात. आता केराबाईंच्या वर्गात बसा.”

मी पाळकांना स्पष्ट सांगितले की जे मी पाहिलेले नाही त्याची ग्वाही मी देणार नाही. ते वाक्य माझ्या तोंडून निघणार नाही.

“मग मागं काय द्याल?”

“‘केराबाई, आहात का?’ असं विचारीन.”

पाळकांनी मान डोलावली. “चालेल,” म्हणाले. “आमेन आल्याशी मतलब.”

३

खरे सांगायचे तर ती सकाळ मला आवडली. ऊन अजून पिवळे होते. तरवड फुललेला होता. पुढे कोणी गाणे धरले की ते ओळीतून माझ्यापर्यंत येईतो त्याचे अर्धे शब्द गळालेले असत, आणि सिद्धम्मा बाई उरलेल्या जागी कानडी शब्द भरीत. मागून केराबाईच्या काठीचा आवाज येई. काठीच्या टोकाला लोखंडी टोपण होते. मुरमावर ते टक् वाजायचे, मग तिच्या वहाणांची करकर, मग पुन्हा टक्.

पहिला थांबा सव्वासातला, कोरड्या नाल्यात, हिवराच्या झाडाखाली. वाक्य आले. मी मागे विचारले, “केराबाई, आहात का?”

“आ... मेन.”

तिथे वाट रुंद आहे, मागे पाहता येते. ती वाळूत बसून वहाण काढीत होती.

“काटा हाय,” ती म्हणाली. “तुमी व्हा म्होरं. काडते आन् आलेच.”

“थांबू का?”

“जावा हो. मेंढरं पळाय लागली तरी कदी मागं ऱ्हायले न्हाय मी, तुमी तर मानसं हाय.”

मी निघालो. शंभरेक पावलांवर चिल्हारी पुन्हा दोन्हीकडून जवळ आली, आणि मागे काठी वाजू लागली. टक्. टक्. म्हातारी चपळ आहे, असे मनात म्हटले.

दुसरा थांबा आठला दहा मिनिटे कमी असताना. “केराबाई, आहात का?”

“आमेन.”

एका दमात. स्वच्छ.

मी खिशातली वही काढून शिसपेन्सिलीने लिहिले, ‘केराबाईंचा दमा उतरलेला दिसतो. रानची हवा.’ ते पान अजून माझ्याजवळ आहे. अक्षर माझे आहे, आणि मी ते लिहून वही मिटली आणि पुढे चालू लागलो. हा आरोप दुसऱ्या कोणावर नाही, माझ्यावर आहे. त्या संपादकांना तो छापायचा असेल तर खुशाल छापावा.

४

चालता चालता मी मागे विचारले, “काटा निघाला का?”

“आमेन.”

“पाय दुखत नाही ना?”

“आमेन.”

पुढे सिद्धम्मा बाई हसू लागल्या. “किती छळता हो त्यांना?”

“मी कुठे? त्याच मला छळताहेत. केराबाई, पाणी हवंय का?”

“आमेन.”

माझ्याजवळ कॅनव्हासच्या आवरणाची लष्करी बाटली होती, लढाईनंतर लिलावात घेतलेली. आवरणावर शाईने माझे आडनाव लिहिले आहे. वाटेच्या कडेला एक सपाट दगड होता. मी बाटली त्यावर ठेवली. घड्याळात आठ वीस झाले होते. “दगडावर ठेवली आहे, घ्या,” असे सांगून मी पुढे निघालो.

“आमेन.”

काठी येत होती. टक्. टक्. मी कान देऊन ऐकत होतो, कारण दगडापाशी ती थांबायला हवी होती. वाकून बाटली घ्यायला, बूच काढायला, प्यायला काही वेळ लागतो. काठी थांबली नाही. त्याच चालीने दगडावरून पुढे आली.

मग लक्षात आले की तिचे अंतर बदलत नाही. मी हळू झालो की ती हळू. मी भरभर चाललो की ती भरभर. वहाणांची करकर कधीपासून बंद झाली होती ते मला सांगता येत नाही. मी स्वतःला समजावले की मेंढरामागे चालायची सवय असलेली बाई अंतर राखूनच चालणार.

तिसरा थांबा टेकडीच्या पायथ्याशी, पायऱ्यांच्या अलीकडे. पुढून वाक्य आले. या वेळी मी टोपीची पर्वा न करता मान वळवली.

पानांच्या खालून लुगड्याचा काठ दिसला, हिरवा. त्याखाली दोन पाय. अनवाणी, एकमेकांना लागून, शाळेत रांगेत उभे केल्यासारखे. अडीच मैलांची लाल धूळ माझ्या बुटांवर बोटभर चढली होती. त्या पायांवर काहीच नव्हते. ते हलत नव्हते.

काठी मात्र वाजत होती. टक्. टक्. जवळ येत होती.

“केराबाई,” मी म्हणालो, “आहात का?”

“आमेन.”

तो आवाज पायांच्या जागेवरून आला नाही. माझ्या खांद्यापाशी आला.

मी तोंड फिरवले आणि पायऱ्या चढू लागलो. चढता चढता मला कारणे सापडली. प्रार्थनाघर जवळ आले म्हणून तिने वहाणा काढल्या. काटेरी झाडीत आवाज फाकतो. दूरचा जवळ वाटतो. कारणे शोधणे हा माझा धंदाच आहे.

५

वर पावणेनऊ झाले होते. हुसेनसाब गाडीवाल्याने गाडीवाटेने सामान आधीच आणून गुळाचा चहा उकळत ठेवला होता. मंडळीचे पत्र्याचे एकतीस मग दोरीला ओवलेले असतात. ज्याने त्याने आपला काढून घ्यायचा. माझा मग सिद्धम्मा बाईंनी भरून दिला. लोक भिंतीच्या सावलीत बसले, कोणी काटे काढू लागले, कोणी मला विचारले की यंदा आमच्यावर काय टीका करणार. मी म्हणालो, चहा पातळ आहे असे लिहीन. हुसेनसाब म्हणाला, “लिवा साब, माजं नाव मोठ्या अक्षरात लिवा.”

दोरीला एक मग राहिला. त्याच्या कानाला लाल दोरा होता.

“केराबाई कुठं?” पाळकांनी विचारले.

“माझ्या मागेच,” मी म्हणालो. “आत्ता पायऱ्यांपाशी होत्या.”

पाळक पायऱ्यांच्या तोंडाशी गेले आणि खाली पाहून त्यांनी हाक दिली, “प्रभू बरोबर आहे!”

रानात काही हलले नाही. त्यांनी पुन्हा हाक दिली. लोकांनी मग खाली ठेवले. एप्रिलच्या उन्हात नऊनंतर या माळावर गडीमाणूस टिकत नाही. दमेकरी म्हातारी, जवळ स्वतःचे पाणी नाही, हे प्रत्येकाला एकदमच सुचले असावे.

६

पाळक, हुसेनसाब आणि मी उतरलो. बाकीच्यांनी टेकडीच्या बाजूने हाका मारायच्या असे ठरले.

सपाट दगड आला. त्यावर बाटली नव्हती.

माझ्या छातीवरचे ओझे उतरले. “पाहा,” मी म्हणालो, “बाटली घेतली. म्हणजे इथवर आल्या. म्हणजे इथून टेकडीपर्यंतच्या झाडीत कुठेतरी पडल्या आहेत.”

पाळक म्हणाले, “मला वाटतं मागं नाल्याकडं जावं.”

“का वाटतं?”

“नुसतं वाटतं.”

“माझ्याजवळ पुरावा आहे, पाळकसाहेब. तुम्हाला वाटतं.”

मी हट्टाने जिंकलो. पाऊण तास आम्ही तो तुकडा पिंजून काढला. हात फाटले, माझा कोट फाटला, ऊन पांढरे झाले. तो पाऊण तास केराबाईच्या आयुष्यातून मी घेतला, हे मला त्या वेळीही कळत होते.

हुसेनसाब मात्र झाडीत शिरला नाही. वाटेवर उकिडवा बसून तो धूळ पाहत होता. अखेर त्याने मला बोलावले.

“साब, ह्ये तुमचं बूट. टाचंचा नाल उमटलाय. त्याच्या पुढं शाळंच्या बाईच्या चपला, त्यावर तुमचा बूट. आता आपन उतरलो त्ये ठसे सोडून तुमच्या बुटावर कुनाचा पाय दिसतो का बगा.”

दिसत नव्हता. काठीची टोचही नव्हती.

“तुमच्या मागनं हितं कुनीबी चाललं न्हाय, साब.”

“मग बाटली?”

हुसेनसाबने हात झटकले. “बाटलीला पाय नस्त्यात. पुढचं तुमी शिकलेली मानसं बगा.”

आम्ही नाल्याकडे धावलो. पाळक माझ्याहून बारा वर्षांनी मोठे आहेत. ते पुढे होते.

७

दहा वीसला नाला आला.

केराबाई हिवराखाली बसली होती. एक वहाण पायात, एक बाजूला. उजवे पाऊल सुजून तांबडे झाले होते. सावली सरकली तशी तीही सरकत खोडाला लागली होती. काठी मांडीवर आडवी. काठीशेजारी माझी बाटली.

तिच्या चेहऱ्यावर घाबरल्याची खूण नव्हती. अंगणात बसून कोणाची तरी वाट पाहावी तशी बसली होती. पाळकांनी तिच्या कपाळाला हात लावला आणि तोंड फिरवून डोळे पुसले.

“मी बरी हाय की,” ती म्हणाली. “काटा मोडून आत ऱ्हायला. पाणी हुतं म्हून निभावलं.” मग माझ्याकडे पाहून, “लई लवकर आलासा हो परत. आत्ता तर उठला हुता.”

“कोण उठलं होतं?”

“तुमी की. आन् कोन?”

मी वाळूत बसलो. माझ्या बुटांचे ठसे तिथे होते, पण सकाळी आम्ही सगळेच तिथे थांबलो होतो, त्यामुळे त्यावरून काही ठरत नाही. हे मी तेव्हाही स्वतःशी बोललो.

“मी इथे कधी बसलो होतो, केराबाई?”

“मंडळी ग्येल्यापासनं. ह्या समोरच्या दगडावर. मधी एकदा उठून ग्येला ते ही बाटली घिऊन आला.”

“आणि आत्ता कुठे गेलो?”

तिने काठीने दाखवले. “हीच वाट की. तुमी आलासा ती.”

ती वाट दोन हात रुंद आहे. आम्ही तिघे तिच्यावरूनच धावत आलो होतो.

“मी काय बोललो तुमच्याशी?”

“तुमी कुटं बोलता? नुसतं व्हय, व्हय.” ती हसली. “सकाळी माज्या आमेनवर लई तोंड चालत हुतं. मी म्हनलं, आता कळलं वाटतं साहेबास्नी. मी म्हनलं, माज्यासाठी थांबला व्हय? तुमी म्हनला, व्हय. म्हनलं, ऊन लई हाय, पानी हाय का? व्हय म्हनून उठला.”

पाळक माझ्याकडे पाहत नव्हते. हुसेनसाब पाहत होता, आणि मी त्याच्याकडे पाहिल्यावर तो दोन पावले मागे झाला.

“आणि मग?”

“मग मी इचारलं,” केराबाई म्हणाली, “तुमी जर हितं हाय, तर सिद्धम्माच्या मागं मंडळीत कोन ग्येलं?”

“त्यावर मी काय म्हणालो?”

तिने आठवून पाहिले. “त्याला काय बोलला न्हाय. माज्याकडं बगत बसला.”

८

हुसेनसाबने तिला पाठीवर घेतले. वाटभर ती त्याला बैल हाकावा तशा सूचना करीत होती. वर आल्यावर लाल दोऱ्याच्या मगात तिला चहा मिळाला. गार झाला होता म्हणून तिने कुरकूर केली. मग लोक गायले, जेवले, हसले. इतकी सुखाने बसलेली माणसे मी फार पाहिलेली नाहीत. परतताना मी गाडीतून आलो.

गाडीत पाळक शेजारी होते. ते हळूच म्हणाले, “ते वाक्य तुम्ही मागं दिलं नाहीत, साहेब. कुणीतरी दिलं, एवढंच मी समजतो.”

“बरं,” मी म्हणालो. “नाल्यापाशी कोण होतं ते तुम्ही समजलात. माझ्या मागे कोण होतं?”

पाळक मांडीवरच्या दोरीतले मग एकेक करून मोजू लागले.

केराबाई बरी आहे. पुढच्या वर्षी आमेन आपलेच, असे तिने सर्वांना बजावले आहे. तेव्हा त्या साप्ताहिकाला माझे उत्तर एवढेच की मंडळीने तिला टाकले नाही, हजेरी रीतीप्रमाणे घेतली गेली, आणि तिला पाणी मिळाले होते. ते कोणी दिले असे त्यांनी मागाहून पत्र पाठवून विचारले आहे. त्यांच्या धंद्याला शोभेल असा हा त्यांचा पहिलाच प्रश्न.

मंडळीचे इतिवृत्त सिद्धम्मा बाई लिहितात. ते मी मागवून पाहिले. १७ एप्रिलच्या पानावर, पावणेनऊ वाजता टेकडीवर पोचलेल्या तीस जणांत माझे नाव आहे. चहा त्यांनीच मला भरून दिला होता, तेव्हा ते बरोबरच. त्याच पानावर खाली, केराबाईंच्या सांगण्यावरून, सव्वासात ते दहा वाजेपर्यंत नाल्यात त्यांच्याजवळ थांबून पाणी दिल्याबद्दल माझे आभार मानले आहेत. दोन्ही नोंदींखाली पाळकांची सही आहे. यांतली एक खोटी आहे, ती खोडावी, असे मी त्यांना तीन वेळा लिहिले.

शनिवारी त्यांचे कार्ड आले. एकच ओळ आहे: ‘यांपैकी कोणती नोंद खोडावी ते आपण कळवावे.’

कार्ड टेबलावर आहे. मी अजून उत्तर धाडलेले नाही.